गोगलगाय अन् पोटात पाय: मुंबईच्या ओहोटीत दिसणाऱ्या रंगीत समुद्री गोगलगायी ठाणे-डोंबिवलीच्या खाडीत का नाहीत?

जांभळी कड, पिवळे ठिपके, डोक्यावर दोन इवलीशी शिंगं आणि पाठीवर पिसाऱ्यासारखा तुरा. रीलमधला हा दोन-तीन सेंटीमीटरचा जीव पाहून पहिल्यांदा वाटतं की हा अंदमानचा किंवा बालीचा व्हिडिओ असणार. लोकेशन मात्र हाजी अली, गिरगाव चौपाटी किंवा कार्टर रोडचं निघतं. मग कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न येतो. खाडी तर आमच्याकडेही आहे. ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीच्या मोठागावात, कल्याणच्या दुर्गाडीखाली भरतीचं पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. मग आमच्याकडे हे का दिसत नाहीत?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात खाडीची सगळी तब्येत येते. आधी हा प्राणी नेमका कोण ते पाहू.

शंख टाकून दिलेली गोगलगाय

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बेरकी माणसासाठी वापरतो. गंमत म्हणजे प्राणिशास्त्राने या सगळ्या गटाला दिलेलं नाव अगदी तेच सांगतं. गोगलगायी, शंख, कवड्या हे सगळे 'गॅस्ट्रोपॉड' आणि या ग्रीक शब्दाचा अर्थ 'पोट-पाय'. पोटाचा स्नायू हाच त्यांचा पाय.

समुद्री गोगलगायी याच कुळातल्या. फरक इतकाच की त्यांनी शंख सोडला. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला तो असतो. सूक्ष्म, पारदर्शक शंख घेऊन ते पाण्यात तरंगतं. योग्य जागा सापडली की तळाला बसतं, रूप बदलतं आणि शंख टाकून देतं. काही प्रकारांत शंखाचा पातळ तुकडा शरीराच्या आत उरतो, काहींत तोही नाही.

यातला सर्वांत प्रसिद्ध गट न्यूडिब्रँक, म्हणजे 'उघड्या कल्ल्यांचे'. पाठीवरचा तो फुलासारखा तुरा म्हणजे त्यांचे कल्ले. धोका जाणवला की बरेच जण तो छत्री मिटावी तसा आत ओढून घेतात. जगभरात न्यूडिब्रँकचे सुमारे ३,००० प्रकार माहीत आहेत. डोक्यावरची शिंगं हे त्यांचं नाक. पाण्यात विरघळलेला वास त्यांना शिंगांनी कळतो. अन्न, जोडीदार, शत्रू, सगळं वासावर चालतं. डोळे आहेत, पण ते उजेड आणि अंधार एवढंच ओळखतात. ज्या रंगांसाठी आपण त्यांचे फोटो काढतो, ते रंग त्यांना स्वतःला कधीच दिसत नाहीत.

मग ते रंग कुणासाठी? माशांसाठी. शंख नाही, पळता येत नाही, अशा मऊ प्राण्याला कुणीही एका घासात गिळेल. पण अनेक न्यूडिब्रँक स्पंज खातात आणि स्पंजमधली विषारी, कडू रसायनं पचवून टाकण्याऐवजी कातडीत साठवतात. एकदा चावून थुंकलेल्या माशाला तो भडक रंग लक्षात राहतो. अर्थात सगळेच भडक नसतात. काही जण ज्या स्पंजवर बसतात अगदी त्याच रंगाचे असतात आणि डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत.

दुसऱ्याचं हत्यार, दुसऱ्याचा स्वयंपाक

म्हणीतला बेरकीपणा खरा दिसतो तो इथे. एओलिड नावाच्या न्यूडिब्रँकच्या पाठीवर बोटांसारखे लांबट उंचवटे असतात. हे प्राणी हायड्रॉइड आणि समुद्रफुलं खातात, म्हणजे जेलीफिशचे नातेवाईक. या नातेवाइकांच्या अंगात दंश करणाऱ्या सूक्ष्म कुप्या असतात. एओलिड त्या कुप्या न फुटता गिळतो, आतड्यातून पाठीवरच्या बोटांच्या टोकांपर्यंत पोचवतो आणि तिथे साठवून ठेवतो. कुणी त्याला चावायला आलं की चोरलेल्या कुप्या शत्रूच्या तोंडात फुटतात.

पावसाळ्यात जुहू आणि गिरगावच्या किनाऱ्याला लागणारी निळी 'ब्लू बॉटल' सगळ्यांना माहीत असते. तिचा दंश माणसाला कळवळायला लावतो. पण खोल समुद्रात उलटं तरंगणारी एक निळी समुद्री गोगलगाय आहे, ग्लॉकस नावाची. ती ब्लू बॉटलच खाते आणि तिच्याच कुप्या साठवते. डिसेंबर २०२३ मध्ये वादळानंतर चेन्नईच्या किनाऱ्यावर ती दिसली तेव्हा 'ब्लू ड्रॅगन' म्हणून तिचे फोटो देशभर फिरले. तळहातावर घेऊन फोटो काढायचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण उसन्या कुप्यांचा दंश मूळ मालकिणीच्या दंशापेक्षा सौम्य असेलच असं नाही.

हिरव्या रंगाच्या काही समुद्री गोगलगायी त्याहून पुढे गेल्या आहेत. त्या शेवाळातला रस शोषतात, पण त्यातली हरितद्रव्याची यंत्रणा पचवत नाहीत. ती स्वतःच्या पेशींत जिवंत ठेवतात आणि काही काळ तिच्याकडून काम करून घेतात. पानासारखं चपटं, हिरवं अंग पसरून उन्हात बसलेला हा प्राणी. २०२१ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी याच गटातल्या काही गोगलगायी स्वतःचं डोकं धडापासून तोडून टाकतात आणि डोक्यापासून नवं धड, अगदी हृदयासकट, पुन्हा वाढवतात असं दाखवून दिलं. सुट्टं झालेलं डोकं दरम्यान शेवाळ खात फिरत असतं.

संसारही तितकाच चमत्कारिक. समुद्री गोगलगायी उभयलिंगी असतात. प्रत्येकात नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे दोघं भेटले की अंडी दोघंही घालू शकतात. आयुष्य काही आठवड्यांचं किंवा जेमतेम वर्षाचं आणि चाल कमालीची मंद. अशा वेळी जो भेटेल तो उपयोगाचा ठरावा, ही सोय मोठीच. अंडी एकेक नसतात, चिकट फितीत असतात. न्यूडिब्रँकची फीत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी वेटोळी, तर समुद्री सशाची थेट शेवयांचा गुंता. ओहोटीच्या डबक्यात पिवळ्या किंवा गुलाबी शेवया दिसल्या तर ते कुणी टाकलेलं खरकटं नसतं.

समुद्री ससा हा याच नात्यातला मोठा, ढोबळ, तपकिरी-हिरवा प्राणी. त्याला छेडलं की तो जांभळी शाई सोडतो. दिसायला तो काही देखणा नाही. पण त्याच्या मज्जासंस्थेत फक्त २०,००० च्या आसपास चेतापेशी असतात आणि त्याही ठळक, मोठ्या. एरिक कँडेल यांनी याच प्राण्यावर प्रयोग करून आठवण चेतापेशींत कशी साठते ते उलगडलं आणि २००० सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळवला. माणसाला आठवण कशी राहते याचा पहिला नीट धागा गोगलगायीने दिला.

मुंबईचं नाव लावणारी गोगलगाय

आपल्या किनाऱ्यावर या प्राण्यांचा अभ्यास नवा नाही. १९४६ मध्ये विंकवर्थ यांनी मुंबईतून सापडलेल्या एका न्यूडिब्रँकचं वर्णन केलं आणि तिच्या नावात शहराचं नाव घातलं. आज ती 'गोनिओब्रँकस बॉम्बेयानस' म्हणून ओळखली जाते. १९९५ मध्ये शहराचं अधिकृत नाव मुंबई झालं, पण प्राण्यांच्या शास्त्रीय नावांना तो नियम लागू नाही. एकदा रीतसर दिलेलं नाव असं बदलता येत नाही, त्यामुळे ती बॉम्बेयानसच राहणार.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. दीपक आपटे आणि विशाल भावे यांनी रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीत उतरून या गटाच्या नोंदी केल्या. त्यातल्या अनेक प्रकारांची भारतातली ती पहिलीच नोंद होती. तेव्हा 'कोकणात काय मिळणार, तिथे प्रवाळ बेटं कुठे आहेत' हा समज मोडायला सुरुवात झाली.

सामान्य मुंबईकरांपर्यंत हा विषय पोचवला तो २०१७ मध्ये प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी सुरू केलेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने. ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि तो सगळ्यांसाठी खुल्या नोंदीत टाकायचा. समोर सी लिंक, मागे रहदारी, पायाखाली प्लास्टिक, आणि त्यातच एका खडकाच्या सावलीत न्यूडिब्रँक. हे पाहून लोक चकित झाले. 'मुंबईचा समुद्र मेलेला आहे' हे वाक्य त्यानंतर इतक्या सहज बोलता येईना.

मग खाडीत का नाही?

आता ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे. पहिलं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे मीठ. मोकळ्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उल्हास नदीच्या खाडीत हा आकडा स्थिर नसतो. उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं पाणी कल्याणपर्यंत चढतं, पावसाळ्यात नदीचा पूर ते समुद्राकडे ढकलतो आणि वरच्या भागात पाणी जवळपास गोडं होतं. समुद्री गोगलगायीला शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा फार वेगळं राखता येत नाही. पाणी पातळ झालं की तिच्या अंगात पाणी शिरतं आणि ती फुगून मरते. खाडीतल्या शंखवाल्या गोगलगायी अशा वेळी झाकण लावून आत बसतात आणि वाईट दिवस काढतात. शंख टाकून दिल्याची किंमत इथे मोजावी लागते, कारण लावायला झाकणच नाही.

दुसरं कारण अन्नाचं. समुद्री गोगलगायी खाण्याच्या बाबतीत कमालीच्या हट्टी असतात. कित्येक प्रकार आयुष्यभर एकाच जातीचा स्पंज किंवा एकाच प्रकारचा हायड्रॉइड खातात. तो नसेल तर उपाशी मरतात, पण दुसरं खात नाहीत. स्पंजला चिकटायला खडक लागतो आणि गाळून खायला बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. ठाण्याच्या खाडीत तळाला खडक कमी आणि गाळ जास्त. गाळाने स्पंजची छिद्रं बुजतात. खाडी गाळाने भरत जाणं ही तशी जुनी गोष्ट आहे. ज्या कल्याण बंदराचा उल्लेख 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात आहे आणि जिथे शिवरायांनी दुर्गाडीपाशी आरमाराची सुरुवात केली, तिथे आज मोठं गलबत आणण्याचा विचारही कुणी करणार नाही.

तिसरं कारण आपण सगळे जाणतो. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचा वाद 'वनशक्ती' संस्थेने हरित न्यायाधिकरणात नेला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीकरांना रंगांचं कौतुक नवं नाही, पण हे रंग निराळे.

तरी सगळा दोष प्रदूषणावर टाकणं चुकीचं ठरेल. उद्या खाडी काचेसारखी झाली तरी दुर्गाडीखाली जांभळी न्यूडिब्रँक येणार नाही. खाडी हे नदी आणि समुद्राच्या मधलं तिसरंच घर आहे आणि तिथले रहिवासी वेगळे. जगात निमखाऱ्या पाण्यात राहू शकणारी एखादी टेनेलियासारखी न्यूडिब्रँक आहे, पण ती जेमतेम काही मिलिमीटरची आणि फिकट रंगाची. रीलमध्ये टाकावी अशी नव्हे.

चिखलातली नातेवाईक

खाडीच्या वाट्याला आलेली बिनशंखाची गोगलगाय निराळी आहे. तिचं नाव ऑन्किडियम. मुंबई परिसरातल्या खडकांवर तिची बहीण पेरोनिया सर्रास सापडते. दिसायला म्हणाल तर चिखलात पडलेला चामड्याचा चामखिळी तुकडा. समुद्राकाठी राहते, पण हवेत श्वास घेते, त्यामुळे नात्याने ती रंगीत मंडळींपेक्षा जमिनीवरच्या गोगलगायींना जवळची.

तिचा दिनक्रम माणसाच्या उलट असतो. भरतीत आपल्या भेगेत किंवा बिळात दडून बसते. ओहोटी लागली की बाहेर पडते, चिखलावरचं किंवा खडकावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडून खाते आणि पाणी यायच्या आत परत जाते. कुठे? आपल्याच बिळात. कुवेतच्या किनाऱ्यावर पेरोनियावर झालेल्या अभ्यासात दिसलं की ती चिकट स्रावाच्या मागावरून घर शोधते. आणि डोळे? डोक्यावरच्या दोन डोळ्यांखेरीज हिच्या कुळातल्या बऱ्याच जातींना पाठीवरही इवले डोळे असतात. वरून पक्ष्याची सावली पडली की अंग आकसून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम.

हा चिखल किती जिवंत आहे याची कल्पना ठाण्याला तशी आहे. चेंदणी बंदराजवळच्या बांदोडकर महाविद्यालयात खाडीच्या तळातल्या जीवांचा अभ्यास कित्येक वर्षं चालू आहे. फ्लेमिंगो इथे येतात ते याच चिखलातल्या आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांसाठी. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येतं. तिथे सगळ्यांच्या दुर्बिणी फ्लेमिंगोवर असतात आणि ते स्वाभाविकच आहे. पण ओहोटीची वेळ असेल तर तिवरांच्या मुळांशी नजर टाकावी. निवट्या उड्या मारताना दिसतात, खेकडे नांगी हलवताना दिसतात. ऑन्किडियम दिसायला नशीब लागतं.

खडक गेला की कोण जातं?

मुंबईकडच्या रंगीत बहिणींपुढचं संकट वेगळं आहे. त्यांचं सगळं आयुष्य भरती-ओहोटीच्या मधल्या खडकांच्या अरुंद पट्ट्यात जातं आणि शहराला भराव टाकायला नेमका तोच पट्टा सोपा पडतो. किनारी रस्त्याच्या प्रकल्पात हे लख्ख दिसलं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द केली, डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला.

वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे परवानगी घेऊन त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. प्रवाळ निदान जागचे हलत नाहीत, मोजता येतात. नखाएवढी गोगलगाय, तीही वर्षातले काही आठवडेच दिसणारी, मोजायची कशी आणि हलवायची कुठे? तिला हलवायचं तर तिचा स्पंज हलवावा लागेल, त्याचा खडक हलवावा लागेल, तो खडक ज्या उंचीवर पाण्याबाहेर येतो ती उंची हलवावी लागेल. म्हणूनच हौशी लोकांनी काढलेल्या फोटोंना किंमत आहे. कुठे, कधी, काय होतं याचा तेवढाच पुरावा उरतो.

हेच गणित घरच्या काचेच्या टाकीलाही लागू पडतं. किनाऱ्यावरून बाटलीत भरून आणलेली गोगलगाय डोंबिवलीच्या हॉलमध्ये फार तर काही दिवस जगते. तिच्या स्पंजचं नाव कुणाला माहीत नसतं आणि तो दुकानात मिळत नाही.

बघायला कधी आणि कसं जायचं?

ओहोटीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पण गोगलगायींसाठी कुठलीही ओहोटी चालत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांगाची ओहोटी असते, पाणी फारसं मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे. तेव्हा भरती दुपारी बाराच्या पुढे आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. पाणी खूप मागे जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. हिशोब ढोबळ आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहावंच. पावसाळा सोडून जावं.

कल्याण-डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलं की गिरगाव, महालक्ष्मीला उतरलं की हाजी अली, वांद्र्याला उतरलं की कार्टर रोड. पहिल्यांदा माहितगार गटाबरोबर जाणं चांगलं, कारण डोळा तयार व्हायला वेळ लागतो. चपला नकोत, घट्ट बूट हवेत. शेवाळावर पाय घसरतो आणि डबक्यातला सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख उचलू नये, त्यातला प्राणी विषारी डंख मारतो. दगड उलटायचा मोह झालाच तर हळूच उलटून पुन्हा तसाच ठेवावा. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालच्या बाजूचे सगळे जीव उन्हात आणि वरच्या बाजूचे अंधारात. उभं राहून काही सापडत नाही. एका डबक्याशी उकिडवं बसावं आणि पाच-दहा मिनिटं हलू नये. आधी खेकडे बाहेर येतात, मग कोळंबी. मग ज्याला आपण स्पंजचा फुगवटा समजत होतो, तो इंचभर पुढे सरकतो.